रात्री अडीच वाजता नागपूर स्टेशनवर एकटी उतरलीस तर?

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'ॲक्च्युअली' बरेचसे गाळलेत, एखादा राहिला असेल तर चालवून घ्या.

विषय एका मैत्रिणीच्या मेसेजमुळे निघाला. परीक्षेसाठी पहिल्यांदाच नागपूरला येत होती, गाडी रात्री अडीचची. "दुसरी गाडी नाही का?" असं विचारून उपयोग नसतो. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन्ही मार्ग नागपूरला एकमेकांना छेदतात, त्यामुळे इथं रात्रभर गाड्या येत असतात आणि कन्फर्म तिकीट मिळेल त्याच गाडीनं यावं लागतं. डब्यात निदान आजूबाजूला माणसं असतात. खरा प्रश्न प्लॅटफॉर्मपासून खोलीपर्यंतच्या तीन-चार किलोमीटरचा.

हा तुकडा किती महाग पडू शकतो याचं उदाहरण मुंबईचं आहे. जानेवारी 2014 मध्ये 23 वर्षांची एक इंजिनिअर पहाटे पाचच्या सुमारास लोकमान्य टिळक टर्मिनसवर उतरली आणि हॉस्टेलवर पोहोचलीच नाही. तिचा खून झाला होता. ज्याला शिक्षा झाली त्याला सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2025 मध्ये निर्दोष सोडलं. म्हणजे अकरा वर्षांनीही 'कुणी केलं' याला उत्तर नाही. ती काही चुकीचं वागत नव्हती हो, सुट्टी संपवून कामावर परत येत होती.

म्हणून उतरायच्या आधीच दोन गोष्टी ठरव. एक, बाहेर कुठल्या बाजूनं पडायचं. नागपूर स्टेशनला पश्चिमेचं मुख्य दार आहे आणि पूर्वेचं संत्रा मार्केटकडचं. हॉटेल सीताबर्डी, सदर, धरमपेठकडे असेल तर पश्चिम. सेंट्रल ॲव्हेन्यू किंवा इतवारीकडे असेल तर पूर्व. ॲपवर गाडी बुक करताना पिन भलत्याच बाजूला पडतो, मग ड्रायव्हर म्हणतो, "मॅडम, उस साइड आ जाओ," आणि आपण बॅग ओढत अंधारात दुसरीकडे निघतो. पिन हातानं सरकवायला दहा सेकंद लागतात.

दुसरं, लगेच निघायचंच का? खोलीचं भाडं वाया जाईल म्हणून आपण घाई करतो. हातात प्रवासाचं तिकीट आहे, तर वेटिंग रूममध्ये बसायचा तुला हक्क आहे. काही खटकलं तर रेल्वेची हेल्पलाइन 139. मेट्रो सकाळी 6 च्या सुमाराला सुरू होते आणि ॲक्वा लाइनवर 'नागपूर रेल्वे स्टेशन' नावाचं स्टेशनच आहे. तीन तास डुलक्या काढणं बोअर आहे, पण मी तरी तेच करते.

निघायचंच असेल तर ऑटोत बसायच्या आधी नंबर प्लेटचा फोटो घरी पाठव. (नागपुरात रिक्षा म्हणू नकोस, ऑटोच म्हणतात.) ड्रायव्हरला दिसेल असा काढ. प्लॅटफॉर्मवर येऊन "कहाँ जाना है दीदी, छोड देता हूँ" म्हणणाऱ्याबरोबर मात्र नको, भला वाटला तरी नको.

आता नागपूरची गोष्ट. नोव्हेंबर 2019 मध्ये हैदराबादजवळ एका पशुवैद्यक तरुणीचा बलात्कार करून खून झाला. स्कूटर पंक्चर होऊन ती टोलनाक्याजवळ अडकली होती. त्यानंतर काही दिवसांतच नागपूर पोलिसांनी जाहीर केलं की रात्री 9 ते पहाटे 5 या वेळेत एकट्या अडकलेल्या बाईनं फोन करावा, तिला मोफत घरी सोडू. तेव्हा 100 आणि 1091 हे नंबर दिले होते. आज मी थेट 112 लावायला सांगेन. अडकणं हेच कारण पुरेसं आहे, काहीतरी घडायची वाट बघू नकोस.

112 बद्दल एक गैरसमज खूप आहे, तो माझ्या धंद्यातला म्हणून थोडं सविस्तर. लोकांना वाटतं कॉल लागला की आपण नेमके कुठं आहोत ते पोलिसांना आपोआप दिसतं. टॉवरवरून कळणारी जागा ढोबळ असते, कधी शेकडो मीटरची, कधी त्याहून मोठी. जीपीएस नेमका असतो, पण छताखाली आणि उंच इमारतींमध्ये तोही गडबडतो. म्हणून फोन उचलला गेला की पहिलं वाक्य जागेचं, तक्रार नंतर. "वर्धा रोड, छत्रपती चौकाकडून अजनीकडे, मेट्रोचा पिलर नंबर अमुक." कॉल तिथंच कट झाला तरी गाडी कुठं पाठवायची ते कळलेलं असतं. रस्ता माहीत नसेल तर दुकानाची पाटी वाच, पाटीवर बहुतेक वेळा पत्ता असतो. आणि बॅलन्स नसला, फोन लॉक असला तरी 112 लागतो.

बटणाचंही बघून ठेव. भारतात 2017 पासून विकल्या जाणाऱ्या मोबाइलला पॅनिक बटण सक्तीचं आहे. आयफोनवर इथं बाजूचं बटण झटपट तीनदा दाबायचं. अँड्रॉइड 12 आणि पुढच्या बऱ्याच फोनवर पॉवर बटण पाचदा. सेटिंगमध्ये 'इमर्जन्सी' शोध आणि तुझ्या फोनवर काय आहे ते घरी बसूनच वाच. ट्राय म्हणून दाबू नकोस, खरा कॉल जातो.

व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन 15 मिनिटं, 1 तास किंवा 8 तास चालतं. 8 तासच लाव, गाडी लेट होतेच. पण ते बघणारा जागा हवा! आईला पाठवून आई झोपली असेल तर तो फक्त नकाशावरचा ठिपका. "तीनपर्यंत माझा मेसेज आला नाही तर फोन कर, उचलला नाही तर 112" असं एका माणसाशी बोलून ठेव. आणि बॅटरी! दिवसभर रील्स बघून 9 टक्क्यांवर उतरलीस तर वरचं सगळं वाया.

हॉटेलला गाडीतूनच फोन कर आणि अडीचला येतेय म्हणून सांग, नाहीतर शटर खाली असतं. 'सिंगल लेडीला रूम देत नाही' असा कुठलाही कायदा नाही. तसं म्हणणारं हॉटेल फोनवरच कळलेलं बरं. आधारची प्रत मागितली तर मास्क्ड आधार दे, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

मैत्रीण त्या रात्री वेटिंग रूममध्येच बसली. सहाला बाहेर पडून तर्री-पोहे खाल्ले आणि मला फोटो पाठवला, मी तेव्हा झोपले होते.