‘व्हेरी’ आणि ‘टू’ : एका शब्दाने बंद होणारे दार



आमच्या अंबरनाथच्या वस्तीतील एक मुलगी बी.कॉम. झाली आणि अंधेरीच्या एका ऑफिसात मुलाखतीला गेली. हिशेबाचे प्रश्न झाले, कॉम्प्युटरचे झाले. सर्व उत्तरे बरोबर. शेवटी साहेबांनी विचारले, राहता कुठे? तिला सांगायचे होते, “घर खूप लांब आहे, पण मी वेळेवर येईन.” तिने सुरुवात केली, “सर, माय हाऊस इज टू फार...” साहेबांनी फाईल मिटली. म्हणाले, मग तुम्हाला रोजचे जाणे-येणे जमणार नाही. ‘पण’च्या पुढचे वाक्य तिच्या तोंडातच राहिले.

रविवारी विहारातील अभ्यासवर्गात तिने ही हकिगत सांगितली. “काका, माझे चुकले काय? घर लांब आहेच ना?” साहेबांनी क्षणभर थांबून ऐकायला हवे होते, हे खरेच. पण मुलाखतीत समोरचा माणूस आपल्या मनातला अर्थ शोधत बसत नाही. तो शब्द ऐकतो. आणि ‘टू’ या शब्दातच नकार दडलेला आहे.

आपल्या मराठीत ‘खूप’ किंवा ‘फार’ या शब्दावर दोन्ही कामे भागतात. “चहा फार गोड झालाय” ही तारीफ की तक्रार, ते बोलणाऱ्याच्या सुरावरून कळते. इंग्रजीत मात्र दोन वेगळे शब्द आहेत. ‘व्हेरी’ म्हणजे खूप. ‘टू’ म्हणजे हवे त्यापेक्षा जास्त, इतके की त्यामुळे काम अडते.

‘द टी इज व्हेरी हॉट’ : चहा खूप गरम आहे, फुंकर घालून प्या.
‘द टी इज टू हॉट’ : चहा जास्तच गरम आहे, तोंडाला लावता येत नाही.

ओळखण्याची खूण सोपी आहे. मराठीत जिथे ‘जास्तच’ म्हणावेसे वाटते, तिथे ‘टू’. त्या ‘च’वर लक्ष ठेवा. बाकी ठिकाणी ‘व्हेरी’.

शाळेत ‘टू... टू’चे वाक्य शिकवतात. ‘द बॉक्स इज टू हेवी टू लिफ्ट.’ पहिल्या ‘टू’मध्ये दोन ‘ओ’, दुसऱ्यात एकच. वाक्यात ‘नॉट’ कुठेही नाही, तरी अर्थ नकाराचा : पेटी इतकी जड आहे की उचलवत नाही. तसेच सोळा वर्षांच्या मुलीबद्दल ‘शी इज टू यंग टू मॅरी’, म्हणजे तिचे लग्नाचे वय झालेले नाही. हे वाक्य तर प्रत्येक घरात पाठ असावे. याच्या उलट शब्द ‘इनफ’, म्हणजे पुरेसे. तो विशेषणाच्या नंतर येतो. १८ वर्षे पूर्ण झाली की ‘शी इज ओल्ड इनफ टू व्होट’.

हा फरक आपल्याला परका नाही. भगवान बुद्धांच्या सोण नावाच्या भिक्खूची गोष्ट आपण विहारात ऐकतो. चालून चालून त्याच्या पायांतून रक्त आले, तरी मन स्थिर होईना. घरी असताना तो वीणा वाजवीत असे. भगवंतांनी त्याला विचारले, तारा जास्तच ताणल्या तर वीणा वाजते का? जास्तच सैल सोडल्या तर? दोन्ही वेळा तो नाही म्हणाला. इंग्रजीत सांगायचे तर तार ‘टू टाइट’ नको आणि ‘टू लूज’ही नको. ‘टू’ म्हणजे अति, आणि अति टाळणे हाच मध्यम मार्ग.

आता सर्वांत महत्त्वाचे. व्याकरणाच्या पुस्तकांत एक वाक्य हमखास सापडते, ‘ही इज टू पुअर टू स्टडी’. तो इतका गरीब आहे की शिकू शकत नाही. व्याकरणाने हे वाक्य बिनचूक आहे. पण आपल्या मुलांनी ते स्वतःबद्दल कधीही लिहू नये. परळच्या चाळीत एका खोलीत अभ्यास करून बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले, १९१३ साली अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९२३ साली लंडनची डी.एस्सी. पदवी त्यांनी मिळवली. त्यांच्या घरची गरिबी ‘व्हेरी’ होती. तिला ‘टू’ त्यांनी होऊ दिले नाही. ‘व्हेरी पुअर’नंतर ‘बट’ म्हणता येते, पुढचे वाक्य बोलता येते. ‘टू पुअर’ म्हटले की दार बंद.

माता-पित्यांनो, तुम्हाला इंग्रजी येत नसले तरी हा धडा तुम्ही घेऊ शकता. जेवताना मुलांना विचारा : आजची भाजी ‘खूप’ तिखट की ‘जास्तच’ तिखट? शाळेचे दप्तर ‘खूप’ जड की ‘जास्तच’ जड? उत्तर इंग्रजीत द्यायला लावा. महिनाभरात जीभ वळेल.

आमच्या त्या मुलीची पुढच्या महिन्यात दुसरीकडे मुलाखत आहे. परवा तिने विहारात सर्वांसमोर वाक्य म्हणून दाखवले, “माय हाऊस इज व्हेरी फार, बट नॉट टू फार. आय विल रीच ऑन टाइम.” मागे बसलेल्या तिच्या आईने आधी अर्थ विचारून घेतला, आणि मग टाळी वाजवली.

जयभीम!