स्वयंपाकघरातले पंचकोन

शाळेतली फरशी बहुधा चौकोनी असते. फूटपाथवर कधी षटकोनी ठोकळेही दिसतात. पंचकोनी फरशी मात्र सहसा आढळत नाही. याचे कारण सातवी-आठवीच्या भूमितीत सापडते. सुसम पंचकोनाचा प्रत्येक कोन 108 अंशांचा. एका बिंदूभोवती असे तीन पंचकोन मांडले तर 324 अंश भरतात आणि 36 अंशांची फट उरते. चौथा तेथे मावत नाही. त्रिकोण कोणताही घ्या, चौकोन कोणताही घ्या, त्याच्या एकसारख्या प्रतींनी जमीन विनाफट झाकता येते. (चौकोनाच्या चार कोनांची बेरीज 360 अंश, म्हणून चारही निरनिराळे कोपरे एका बिंदूशी आणायचे. जुन्या वहीचे पुठ्ठे कापून वर्गात हे जरूर करून पाहावे.)

मग सुसम नसलेल्या पंचकोनांचे काय? त्यांतले काही चालतात. दोन बाजू समांतर असतील असा कोणताही बहिर्वक्र पंचकोन घ्या. त्या दोन बाजूंना जोडणाऱ्या बाजूवरील कोनांची बेरीज 180 अंश होते. एकूण बेरीज 540, म्हणजे उरलेल्या तीन कोनांची नेमकी 360. मुले काढतात ते घराचे चित्र, चौकोनावर त्रिकोणी छप्पर, हा याच कुळातला पंचकोन. अशी कुळे एकूण किती, हा प्रश्न मात्र दिसतो तितका साधा नाही. 1918 साली कार्ल राइनहार्ट या जर्मन गणितज्ञाने पाच कुळे दिली. 1968 साली अमेरिकेच्या रिचर्ड कर्शनर यांनी आणखी तीन शोधून यादी पूर्ण झाल्याचे जाहीर केले. सिद्धता फार लांब आहे म्हणून त्यांनी ती छापली नाही. यादी मात्र सर्वांनी मान्य केली.

जुलै 1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात ती यादी दिली. ती वाचून रिचर्ड जेम्स या वाचकाने नववे कूळ शोधून पाठवले. डिसेंबरच्या अंकात ही बातमी आली आणि ती सॅन डिएगो येथे राहणाऱ्या मार्जरी राइस यांच्या वाचनात आली. अंक घरी येत असे तो मुलासाठी. राइसबाई तेव्हा 52 वर्षांच्या, पाच मुलांच्या आई. त्यांचे गणिताचे रीतसर शिक्षण शाळेपुरतेच, आणि तेही थोडे. आकृत्या आणि नक्षी यांची ओढ मात्र होती. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर त्या आकृत्या काढत बसत आणि कोणी आले की कागद झाकून ठेवत.

येथे जरा थांबून त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. दिसेल तो पंचकोन जुळवून पाहायचा, अशी चाचपडण्याची रीत त्यांची नव्हती. कोणते कोपरे एका बिंदूशी येऊ शकतील आणि कोणती बाजू कोणत्या बाजूला चिकटेल, याच्या शक्यता त्या क्रमाने तपासत. गणितज्ञांची चिन्हे ठाऊक नसल्यामुळे या नोंदींसाठी त्यांनी स्वतःचीच चिन्हे तयार केली. फेब्रुवारी 1976 मध्ये त्यांना पहिले नवे कूळ मिळाले. गार्डनर यांनी त्यांचे पत्र डोरिस शॅटश्नायडर या गणितज्ञ प्राध्यापिकेकडे तपासणीसाठी पाठवले. ती चिन्हे उलगडायला बाईंनाही कष्ट पडले, पण गणित बरोबर निघाले. 1977 अखेर राइसबाईंच्या नावावर चार कुळे जमा झाली.

'गृहिणी असूनही' हे शब्द या हकीगतीत हटकून येतात. आम्हांला ते खटकतात. प्रश्न असा होता की त्याला पुस्तकी ज्ञान थोडे आणि चिकाटी भरपूर लागत होती. जेम्स यांच्या शोधाने यादी अपुरी असल्याचे उघड झालेच होते. कोणत्याही पदवीसाठी अमुक मुदतीत उत्तर हवे, असे बंधन राइसबाईंवर नव्हते. आम्हां संशोधकांना मुदतीशिवाय काही सुचतच नाही, हेही येथे नमूद करायला हवे! अर्थात असा प्रत्येक प्रश्न ओट्यावर सुटत नाही. 1985 मध्ये चौदावे कूळ मिळाले, पण पंधराव्याला 2015 साल उजाडले आणि त्याला संगणकाची मदत लागली. याहून अधिक कुळे नाहीत, ही सिद्धताही फ्रान्सचे मिशेल राव यांनी 2017 साली संगणकाच्या साह्यानेच मांडली. त्याच वर्षी राइसबाई वारल्या.

नोव्हेंबर 2022 मध्ये असेच आणखी एक उदाहरण घडले. इंग्लंडमधील यॉर्कशायरचे डेव्हिड स्मिथ हे छपाईच्या कामातून निवृत्त झालेले तंत्रज्ञ. त्यांना तेरा बाजूंचा, टोपीसारखा एक आकार सापडला. संगणकावर जुळवून झाल्यावर त्यांनी जाड कागदाचे तुकडे कापून मांडले. जमीन भरत होती, पण नक्षीची पुनरावृत्ती काही दिसेना. त्यांनी कॅनडातील क्रेग कॅप्लन यांना लिहिले. आणखी दोन गणितज्ञ सामील झाले आणि मार्च 2023 मध्ये चौघांनी सिद्धता जाहीर केली: या एकाच आकाराने अमर्याद जमीन झाकता येते, पण ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येणारी नक्षी मात्र कधीही होत नाही. असा एकटा आकार गणितज्ञ अनेक दशके शोधत होते.

ही टोपी वर्गात करायची असेल तर दोन्ही बाजूंना वेगळा रंग असलेला कागद घ्यावा. सुमारे सात तुकडे सुलटे लावले की एक उलटा लावावा लागतो. उलटा तुकडा म्हणजे आरशातली प्रतिमा. मग आकार एकच कसा, अशी शंका विद्यार्थी काढतीलच. तीच शंका अनेकांनी काढली. उत्तरादाखल त्याच चौघांनी मे 2023 मध्ये, न उलटता जुळणारा दुसरा आकार दिला. तोही प्रथम स्मिथ यांच्याच लक्षात आला होता.