ग्रंथालयाचा तास
ग्रंथालयाचा तास म्हणजे पुस्तकांची देवघेव, अशी समजूत अनेक शाळांत रूढ आहे. आमच्या मते वाचन, शोध आणि चर्चा या तिन्हींचा मेळ बसला तरच तो तास सार्थकी लागतो.

उदाहरणार्थ, सातवीच्या वर्गापुढे एकच प्रश्न ठेवावा : शिवाजी महाराजांचा जन्म कोणत्या साली झाला? जुन्या पुस्तकांत १६२७ सापडेल, नव्यांत १६३०. मुले चकित होतील. शिक्षकाने मात्र उत्तर सांगण्याची घाई करू नये. प्रत्येक गटाने ग्रंथाचे नाव, प्रकाशनवर्ष व त्यात दिलेला आधार वहीत टिपावा. मग चर्चेतून उलगडा व्हावा. काही बखरींवरून पूर्वी शके १५४९ धरीत. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी मिळाली, आणि त्यानुसार १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख पुढे बहुतेक इतिहासकारांनी स्वीकारली. छापील विधानालाही ‘कशावरून?’ असे विचारण्याची सवय मुलांना अशीच लागते.

बृहन्महाराष्ट्रातील ज्या शाळांत मराठी पुस्तकांचे एखादेच कपाट उरले आहे, त्यांनी त्यातील जुनी पुस्तके कालबाह्य म्हणून रद्दीत घालू नयेत, एवढीच आमची विनंती. तुलनेस दुसरे पुस्तकच नसेल, तर प्रश्न तरी कसा उद्भवणार?