पाचगणीचं ऊन आणि पेशींमधलं पुस्तक

सहलीला पाचगणीला गेलात की तुम्ही टेबललँडवर हुंदडता, स्ट्रॉबेरी खाता. पण शंभर वर्षांपूर्वी, सुमारे ४२०० फूट उंचीवरच्या याच गावात खोकून खोकून खंगलेली माणसंही येत. १९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी तिथं क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम सुरू केलं. तिकडे सांगली आणि मिरजेच्या मध्ये वानलेसवाडी आहे ना, तिचं नाव मिरजेत १८९४ मध्ये रुग्णालय उभारणाऱ्या डॉ. विल्यम वानलेस यांच्यावरून पडलं. तिथंही असंच आरोग्यधाम होतं.

क्षय म्हणजे टीबी. त्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच शोधला होता, पण त्याला मारणारं औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं ते १९४३ मध्ये! तोवर डॉक्टर रोग्याला देत काय? मोकळी हवा, कोवळं ऊन, सकस जेवण आणि विश्रांती. काही जण बरे होत, पुष्कळ जण दगावत. आज सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात, बहुतेकांना सहा महिन्यांच्या औषधांनी गुण येतो. (घरात कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर उन्हात बसवू नका, दवाखान्यात न्या.)

पण त्या ऊन-जेवणात काही तथ्य होतं का?

आधी एक गंमत ऐका. टीबीचा जंतू शरीरात शिरला, तरी शंभरातल्या पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. बाकीच्यांच्या पांढऱ्या पेशी जंतूला दाबून ठेवतात. त्यातल्या मॅक्रोफेज नावाच्या पेशी तर जंतूला चक्क गिळतात.

अशा प्रत्येक पेशीत सुमारे २०,००० जनुकं असतात. वर्गात सगळ्यांकडे एकच पुस्तक असतं, पण कुणी कवितेचं पान उघडून बसतो, कुणी चित्राचं. पेशींचं तसंच. पुस्तक एकच, उघडलेली पानं वेगळी. आणि कुठलं पान उघडायचं, हे बरंचसं भोवतालची परिस्थिती ठरवते.

ऊन अंगावर पडलं की कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं. २००६ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना दिसलं, की मॅक्रोफेजला जंतूची चाहूल लागली आणि ड जीवनसत्त्व पुरेसं असलं, तर ती एक खास पान उघडते. त्या पानावरच्या कृतीनं कॅथेलिसिडिन नावाचं प्रथिन बनतं, आणि ते जंतूला मारायला मदत करतं. म्हणजे पाचगणीचे डॉक्टर अगदीच अंधारात चाचपडत नव्हते!

मग ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या की झालं? मंगोलियात आठ हजारांहून जास्त शाळकरी मुलांवर हा प्रयोग झाला. तीन वर्षं निम्म्यांना ड जीवनसत्त्व दिलं, निम्म्यांना साध्या गोळ्या. २०२० मध्ये निकाल आला: टीबीची लागण दोन्हीकडे जवळपास सारखीच. एका पानानं अख्खं पुस्तक थोडंच वाचून होतं?

जेवणाचा निकाल मात्र झकास लागला. झारखंडमध्ये टीबीच्या रोग्यांच्या घरातल्या दहा हजारांवर माणसांचा अभ्यास झाला. काही घरांत सगळ्यांना दरमहा जादा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. २०२३ मध्ये आकडे जाहीर झाले. त्या घरांत नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी होतं! उपाशी शरीरातल्या पांढऱ्या पेशी दुबळ्या पडतात. माझ्या मते तर शाळेतली खिचडी हासुद्धा औषधाचाच एक डोस आहे.

आता तुमचा डावा दंड बघा. बहुतेकांना बीसीजी लशीचा लहानसा व्रण दिसेल. २०१२ मध्ये नेदरलँड्सच्या शास्त्रज्ञांनी मोठ्या माणसांना ही लस दिली आणि त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासल्या. तीन महिन्यांनंतरही त्या पेशी भलत्याच जंतूंवरसुद्धा आधीपेक्षा जोरानं तुटून पडत होत्या. पुस्तकातली अक्षरं तीच, पण लशीनं काही पानांवर जणू खुणेचे कागद लावून ठेवले होते.

पूर्वी शास्त्रज्ञ लाखो पेशी एकत्र करून सरासरी काढत. आता एकेका पेशीतली उघडी पानं वेगवेगळी वाचता येतात. त्यात दिसतं, की एकाच फुप्फुसात शेजारी शेजारी बसलेल्या दोन मॅक्रोफेजही सारख्या नसतात. एक जंतूला संपवते आणि तिच्या शेजारणीच्या पोटात तोच जंतू आरामात वाढत राहतो. शेजारणीनं ते पान का उघडलं नाही, याचा शोध आता प्रयोगशाळांमध्ये चालू आहे.