यंत्र आले, पण परवडले का?

उसाचा नवा वाण आला म्हणून तुम्ही सगळे रान त्याला देत नाही. चार सऱ्या नव्याच्या, चार जुन्याच्या. पाणी-खत सारखे, आणि मग काट्यावर वजन. दवाखान्यात नवे यंत्र आले की मात्र फीत कापली, फोटो निघाला, संपले!

उपकेंद्रात हृदयाचा आलेख काढायचा आणि तो पुण्यातल्या डॉक्टरांनी तिथूनच वाचायचा, अशा यंत्राला बारामती-इंदापुरात पैसा मागितला, तर ते परवडते की नाही हे कशावरून ठरवाल?

सोपी रीत ‘आधी आणि नंतर’ची. यंत्रापूर्वी मोठ्या दवाखान्याच्या खेपा किती, नंतर किती, ते मोजायचे. आपल्या भागात ही रीत फसवी. यंत्र फेब्रुवारीत बसले, मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, की ऊसतोड मजुरांचे तळ उठतात आणि रुग्ण आपोआप घटतात. श्रेय यंत्राला!

मग एकाच गावात निम्म्यांना यंत्र, निम्म्यांना नाही? तेही अवघड. छातीत कळ आलेल्याला नर्सबाई नाही कशी म्हणणार? म्हणून अख्खे उपकेंद्र हाच वाफा धरायचा आणि चिठ्ठ्या टाकायच्या. पूर्वीच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या चाचण्या अशाच पारखल्या. गावांचे 52 गट, 1,31,746 स्त्रिया. निकाल 2009 साली प्रसिद्ध झाला. तीनपैकी एकाच चाचणीने, विषाणू शोधणाऱ्या, मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. बाकी दोहोंचा तसा स्पष्ट फायदा दिसला नाही.

आपले गाव वगळले म्हणून कुणी रुसू नये यासाठी आणखी एक तोड आहे. चिठ्ठीने फक्त पाळी ठरवायची. दर तिमाहीला काही उपकेंद्रे, शेवटी सगळ्यांना यंत्र. मात्र एका प्राथमिक आरोग्य केंद्राची पाच-सहा उपकेंद्रे पुरत नाहीत, दोन्ही तालुके एकत्र घ्यावे लागतील.

राहिला हिशेब. दवाखाना यंत्राची किंमत आणि दुरुस्ती लिहितो. एसटीचे भाडे, सोबत्याची बुडालेली हजेरी, धारेला शेजाऱ्याला घातलेली गळ कोण लिहितो? उलट बाजूही हवी : धडधाकट माणूस उगाच पुण्याला धाडला, किंवा खरा रुग्ण यंत्राच्या नजरेतून सुटला, तो खर्चही यंत्राच्याच नावे पडला पाहिजे.

ही वही यंत्र नसलेल्या गावांतही हवी. गाळप सुरू होताना, नोव्हेंबरात ती उघडा आणि एक पावसाळा आत येईल अशी वर्षभर चालवा.