डाळीवरचा फेस आणि सोयाबीनचा कडवटपणा



रसायनशास्त्र हा माझा व्यवसाय नव्हे. उमेदीची वर्षे कामगार संघटनेत गेली आणि जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. परंतु मजुरीचा प्रत्येक प्रश्न अखेर ताटापाशी येऊन थांबतो, आणि गरिबाच्या ताटात प्रथिन येते ते मुख्यत्वे कडधान्यातून. तुरीत शंभर भागांत सुमारे २२ भाग प्रथिन असते, सोयाबीनमध्ये सुमारे ४०. तरीही मराठवाडा-विदर्भात पोत्यांनी पिकणारे हे धान्य आपल्या चुलीवर क्वचितच चढते. कडवट लागते, साबणासारखा फेस येतो, विषारी असते, अशी तीन कारणे लोक सांगतात. त्यांचीच आपण तपासणी करू.

या तिन्ही आरोपांत ज्याचे नाव येते ते द्रव्य म्हणजे सॅपोनिन. लॅटिनमध्ये 'सॅपो' म्हणजे साबण. रिठा व शिकेकाई यांना फेस येतो तो याच जातीच्या द्रव्यांमुळे. सोयाबीन, हरभरा, मसूर, वाटाणा यांतही ती असतात. सॅपोनिनच्या रेणूचे दोन भाग असतात. एक ३० कार्बन अणूंचा सांगाडा, ज्याला तेलाची ओढ. दुसरा त्याला जोडलेल्या साखरांची साखळी, जिला पाण्याची ओढ. आमच्या भाषेत, दोन्ही पक्षांशी बोलणारा हा मध्यस्थ. पाणी आणि हवा यांच्या सीमेवर हे रेणू रांगेने उभे राहतात आणि बुडबुडा टिकतो. डाळीच्या फेसात प्रथिनांचाही वाटा असतो. तेव्हा फेस दिसला म्हणजे विष दिसले, असे समजण्याचे कारण नाही.

आता कडवटपणा. सोयाबीनमधील सॅपोनिनांचे दोन मुख्य गट आहेत. 'अ' गटात साखरेच्या साखळ्या दोन ठिकाणी असतात आणि त्यांवर व्हिनेगरच्या आम्लाचे तुकडे जडलेले असतात. जीभ आवळणारी कडवट चव बरीचशी यांची, आणि त्यांचा साठा मुख्यतः दाण्याच्या अंकुरात असतो. 'ब' गटात साखळी एकाच ठिकाणी असून दुसऱ्या टोकाला डीडीएमपी नावाचा एक नाजूक तुकडा असतो. रसायनज्ञ पूर्वी गरम अल्कोहोलने सॅपोनिन काढीत. त्या उष्णतेनेच हा तुकडा गळून जाई, आणि उरलेल्यालाच ते मूळ द्रव्य समजत. खरे मूळ रूप कोणते, हे जपानी संशोधकांनी १९९३ साली दाखवून दिले. साक्षीदाराला दटावून घेतलेली जबानी खरी मानू नये, हा धडा प्रयोगशाळेलाही लागू पडतो!

चुलीवर नेमके हेच घडते. उकळताना डीडीएमपी तुटतो व माल्टॉल हे गोडसर वासाचे द्रव्य सुटते. परंतु सांगाडा आणि साखळी शाबूत राहतात. साखळी तोडण्यास तीव्र आम्लात दीर्घकाळ उकळावे लागते. ते स्वयंपाकघराचे काम नव्हे. म्हणजे शिजवल्याने सॅपोनिन नष्ट होत नाही, त्याचे रूप पालटते. काही भाग भिजवण्याच्या आणि शिजवण्याच्या पाण्यात उतरतो, इतकेच.

मग विषाचे काय? सॅपोनिन थेट रक्तात मिसळल्यास तांबड्या पेशी फोडू शकते, हे खरे. परंतु सोयाबीनचे सॅपोनिन त्या बाबतीत दुबळे आहे, आणि आतड्यातून ते रक्तात फारच थोडे जाते. कच्च्या सोयाबीनचा खरा दोष निराळा. पचनास अडवणारे एक प्रथिन, ट्रिप्सिन-रोधक, त्यात असते. कच्च्या सोयाबीनवर न वाढणारे उंदीर शिजवलेल्यावर वाढतात, असे ऑस्बोर्न व मेंडेल यांनी अमेरिकेत १९१७ साली दाखवले. हा रोधक पुरेशा शिजवण्याने बहुतांश निकामी होतो. गुन्हा एकाचा आणि बदनामी दुसऱ्याची, असा हा प्रकार!

उलट बाजूने, सॅपोनिन कोलेस्टेरॉल उतरवते अशी जाहिरातही ऐकू येते. प्राण्यांवरील प्रयोगांत तसे दिसले आहे. माणसांबाबतचा पुरावा तितका भक्कम नाही. भीती विकणारा आणि आशा विकणारा, दोघांनाही हिशेब विचारावा.

तात्पर्य, सोयाबीन रात्रभर भिजवावे, ते पाणी टाकून द्यावे, आणि दाणा बोटाने सहज चेपेपर्यंत शिजवावे. सोडा घालू नये. त्याने ब-१ जीवनसत्त्वाचा नाश होतो. डाळ ज्या पाण्यात शिजली ते मात्र ओतून देऊ नये, कारण त्यात क्षार आणि जीवनसत्त्वे उतरलेली असतात. कष्ट करणाऱ्याच्या घासातले प्रथिन मजुरी कमी पडल्याने जाते, त्याविरुद्ध आपण भांडतोच. ते निव्वळ अज्ञानामुळे जाऊ नये, एवढीच विनंती.