वर्गात इंटरनेट : मात्रा किती, केव्हा आणि कोणाच्या हातून?

लागणीच्या नोंदी घेण्यासाठी गटात फिरत असताना एका जुन्या सभासदांनी आम्हांस बांधावर थांबविले. म्हणाले, "साहेब, शाळेनं भिंतीवरच्या मोठ्या पडद्यासाठी वर्गणी काढलीया. उसाच्या बिलातनं हजार रुपये कापायला सही द्या म्हणत्यात. नातू सातवीत हाय. द्यावी का नको?"

बेणे कोणते घ्यावे, खोडव्यात पाचट ठेवावे की नाही, असे विचारले असते तर आम्ही उभ्या उभ्या उत्तर दिले असते. या प्रश्नाला मात्र ते जमले नाही. आमची पदविका शेतीची. शिक्षणशास्त्र हा आमचा विषय नव्हे. पण प्रश्न सभासदाच्या घामाच्या पैशाचा आणि त्याच्या नातवाच्या शिक्षणाचा होता. म्हणून कार्यक्षेत्रातील काही शिक्षकांच्या वर्गात आम्ही मागच्या बाकावर जाऊन बसलो, इतर ठिकाणी झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष वाचले, आणि जे समजले ते येथे मांडीत आहोत.

हे आहे तरी काय?

वर्गात इंटरनेट वापरणे म्हणजे नेमके काय, याविषयी बराच गोंधळ आहे. ढोबळ मानाने त्याचे तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार दाखविण्याचा. हृदयाचे ठोके कसे पडतात, ज्वालामुखी कसा फुटतो, हे फळ्यावर काढून दाखविता येत नाही. पडद्यावर दाखविता येते. दुसरा प्रकार सरावाचा. मूल गणित सोडविते, चुकले तर यंत्र लगेच सांगते आणि पुढचे उदाहरण त्याच्या कुवतीप्रमाणे सोपे किंवा अवघड देते. तिसरा प्रकार निरोपाचा. शिक्षक, मूल व पालक यांच्यात शाळेबाहेरही अभ्यासाचा धागा राहतो.

शाळा वर्गणी मागते ती बहुधा पहिल्या प्रकारासाठी. प्रयोगांत मोठा फायदा दिसला आहे तो दुसऱ्यात. गोंधळाचे मूळ येथेच आहे.

यंत्र वाटले, पीक आले नाही

दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशाने खेड्यापाड्यांतील प्राथमिक शाळांत मुलांना लॅपटॉप वाटले. पुढे ३१९ शाळांची पाहणी झाली व तिचा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला. मुले संगणक हाताळू लागली, ही गोष्ट खरी. परंतु गणित व भाषा या विषयांत लॅपटॉप मिळालेली मुले आणि न मिळालेली मुले यांच्यात फरक आढळला नाही. बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हते, आणि रोजच्या धड्यात यंत्राचा उपयोग कसा करावयाचा याची घडी बसलेली नव्हती. ठिबकचा संच शेतात आणून टाकला, पण फिल्टर कोणी धुतला नाही आणि व्हॉल्व्ह कोणी फिरवला नाही, तर एकरी टनेज कसे वाढणार?

आता आपल्या शेजारच्या गुजरातेतील उदाहरण पाहू. वडोदरा येथील महानगरपालिकेच्या शाळांत चौथीच्या मुलांना आठवड्यातून फक्त दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले गेले. एका संगणकावर दोन मुले बसत. गणितात चांगली वाढ दिसली. २००७ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने मात्र त्यातील बराचसा लाभ ओसरलेला आढळला. एकदा खत टाकले म्हणजे खोडव्यापर्यंत पुरेल, असे येथेही होत नाही.

गुजरातेतच झालेला दुसरा एक अभ्यास आम्हांस अधिक बोलका वाटला. तेथे काही शाळांत संगणकाचा तास शिक्षकाच्या तासाच्या जागी ठेवला, तर काही शाळांत शाळेच्या वेळेबाहेर जादा तास म्हणून ठेवला. जेथे शिक्षकाचा वेळ कापून यंत्र बसविले तेथे मुलांची प्रगती घटली. जेथे जोडीला दिले तेथे वाढली, आणि कच्च्या मुलांना त्याचा जास्त लाभ झाला. यंत्र तेच आणि राज्यही तेच. फरक पडला तो शिक्षकाच्या जागी बसविले की शिक्षकाच्या जोडीला दिले, यामुळे.

मातीपरीक्षणासारखी गोष्ट

दिल्लीतील सरकारी शाळांच्या ६१९ मुलांवर झालेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात आधी मुलांची पातळी तपासली. सहावीतले सरासरी मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे होते, आणि नववीत जाईपर्यंत ही तूट साडेचार इयत्तांवर गेली होती. म्हणजे फळ्यावर नववीचे समीकरण चालू, आणि बाकावरच्या मुलाला चौथी-पाचवीचा भागाकार अडलेला! शिक्षकाने तरी काय करावे? चाळीस मुलांच्या चाळीस पातळ्या. त्याच्या हाती तास एकच.

या मुलांना शाळेव्यतिरिक्त रोज दीड तास केंद्रात बोलाविले. निम्मा वेळ संगणकावर आणि निम्मा वेळ मार्गदर्शकाजवळ लहान गटात. संगणक प्रथम मूल कोठे अडले आहे ते शोधी आणि तेथूनच पुढे नेई. साडेचार महिन्यांत गणित व हिंदी या दोन्ही विषयांत चांगली वाढ झाली, आणि मागे पडलेल्या मुलांनी तुलनेने अधिक मजल मारली.

माती न तपासता सगळ्या रानाला एकच खताची मात्रा देऊ नका, असे आम्ही चर्चासत्रात वर्षानुवर्षे सांगत आलो. पोरांच्या बाबतीत मात्र आपण सगळे तेच करतो, हे हा अभ्यास वाचताना प्रथमच ध्यानात आले.

कमी खर्चात काय करता येते?

मोठा पडदा नसला म्हणजे काहीच करता येत नाही, असे समजू नये. आम्ही पाहिलेल्या व माहिती घेतलेल्या काही गोष्टी अशा :

क्यूआर कोड. पाठ्यपुस्तकात धड्याशेजारी काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन छापलेला दिसतो. मोबाईलच्या कॅमेऱ्याने तो टिपला की त्या धड्याचे चित्रण किंवा सराव उघडतो. ही कल्पना रुजविण्यात आपल्या सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकविलेले श्री. रणजितसिंह डिसले यांचा मोठा वाटा आहे. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना वाटून दिली. केंद्र शासनाचे 'दीक्षा' हे व्यासपीठ २०१७ पासून आहे. त्यावरील साहित्य रेंज असेल तेथे आधी उतरवून घेता येते आणि वर्गात इंटरनेटशिवाय दाखविता येते. रेंज नाही, ही सबब येथे चालत नाही.

ठिपक्यांची कार्डे. 'प्लिकर्स' नावाच्या साधनात प्रत्येक मुलाला कागदी कार्ड मिळते. शिक्षक चार पर्यायांचा प्रश्न विचारतात, आणि मूल आपल्या उत्तराची बाजू वर करून कार्ड धरते. शिक्षकांनी आपला एकच मोबाईल वर्गावरून फिरविला की कोणाचे उत्तर काय, हे त्यांना कळते. मुलाजवळ मोबाईल लागत नाही. आणि विशेष म्हणजे, जे पोरगं कधी हात वर करीत नाही त्याचेही उत्तर शिक्षकांना समजते आणि चारचौघांत त्याचे हसे होत नाही.

पडद्यावरील प्रयोगशाळा. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल पारितोषिक विजेते कार्ल वायमन यांनी २००२ साली 'फेट' हा उपक्रम सुरू केला. त्यातील प्रयोग विनामूल्य असून बरेचसे मराठीतही आहेत. वायर, बॅटरी, दिवा पडद्यावर जोडावयाचा. एका ओळीत दोन दिवे लावले तर मंद का होतात आणि समांतर लावले तर का होत नाहीत, ते करून पाहावयाचे. एका शिक्षकांनी आधी हे पडद्यावर करून घेतले व नंतर खरी बॅटरी मुलांच्या हाती दिली. हा क्रम आम्हांस फार आवडला. पडद्यावर चूक झाली तर बल्ब जळत नाही. मात्र हाताला वायर लागल्याशिवाय ज्ञान पक्के होत नाही.

आपल्या रानाचा नकाशा. उपग्रहाने टिपलेल्या नकाशावर आपल्या शेताच्या कडेने रेघ ओढली की क्षेत्रफळ दिसते. सातवी-आठवीच्या मुलांनी हा आकडा घ्यावा, मग टेप लावून शेत मोजावे. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. नकाशाचा आकडा, टेपचा आकडा आणि सातबाऱ्यावरचा आकडा, तिन्ही सहसा तंतोतंत जुळत नाहीत. का जुळत नाहीत, यावर वर्गात जी चर्चा होईल ती भूमितीच्या चार धड्यांच्या तोडीची ठरेल.

आमची स्वतःची चूक

दुसऱ्यास शहाणपण सांगण्यापूर्वी आपले सांगितलेले बरे. काही वर्षांपूर्वी आम्ही एका शाळेच्या समितीवर होतो. पडदा घ्यावा, हा ठराव मांडणारे आम्हीच. उद्घाटन झाले, नारळ फुटला, फोटो निघाले. वीजबिल कोणी भरावयाचे, बिघडला तर दुरुस्ती कोण करणार, कोणत्या वर्गाने कोणत्या तासाला वापरावयाचा, यांपैकी एकही गोष्ट आम्ही ठरविली नव्हती. पडद्यावर धूळ बसू नये म्हणून खोळ घातली, खोलीला कुलूप लागले, आणि ती खोळ पुढे वर्षभर निघाली नाही. शिक्षकांना आम्ही दोष देणार नाही. त्यांना विचारल्याशिवाय घेतलेली ती वस्तू होती.

तळावरची पोर

निरोपाच्या प्रकाराविषयी थोडे लिहिणे भाग आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाईलवर आले. ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी स्मार्टफोन असलेल्या घरांतील मुले २०१८ साली ३६.५ टक्के होती, ती २०२० साली ६१.८ टक्के झाली, असे 'असर' पाहणीत दिसले. परंतु पाहणीच्या आठवड्यात शाळेकडून अभ्यासाचे साहित्य मिळालेली मुले जेमतेम एक तृतीयांश होती. घरात फोन असणे आणि फोनवरून अभ्यास होणे, या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत.

मागील गळीत हंगामात आमच्या गटात आलेल्या एका टोळीत सहावीतली एक मुलगी होती. आईबाप पहाटे कोयता घेऊन फडात, आणि ही कोपीवर धाकट्या भावाला सांभाळीत. तिच्या गावाकडच्या बाई रोज संध्याकाळी बापाच्या फोनवर आपल्या आवाजात एक प्रश्न पाठवीत. मुलगी वहीत उत्तर लिहून त्याचा फोटो उलट पाठवी. रोजचा एकच प्रश्न! बाईंनी आपले नाव टाकले नाही, एवढे त्या पोरीला त्यातून रोज कळत होते. काही दिवस उत्तरे गेली नाहीत. आम्ही चौकशी केली तेव्हा समजले, फोन चार्ज करायला जागा नव्हती. पलीकडच्या बांधावर सभासदाची मोटार चालू होती. पण मागणार कसे, म्हणून कोणी विचारले नव्हते.

याने शाळेची भरपाई होत नाही. या मुलांना साखरशाळा हवीच. पण तुटू पाहणारा धागा यातून टिकला, हेही खरे.

सही करण्यापूर्वी विचारा

वर्गणी मागावयास मंडळी आली तर सभासदांनी खालील प्रश्न अवश्य विचारावेत :

१. कोणते शिक्षक, कोणत्या वर्गाला, आठवड्यातून किती तास वापरणार? शिक्षकांना विचारूनच ही मागणी झाली आहे ना?

२. शिक्षकाचा तास कमी होणार आहे, की जोडीला मिळणार आहे?

३. वीज किंवा रेंज गेली तर काय? वीजबिल व दुरुस्तीची तरतूद कोठून?

४. मागे पडलेल्या मुलाची पातळी कोण तपासणार व त्याला सराव कसा मिळणार?

५. मुलांची नावे, फोटो, फोन नंबर कोणाच्या हाती जाणार? २०२३ च्या कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे.

६. तीन महिन्यांनी पालकसभेत काय दाखविणार? फोटो नकोत, मुलांच्या वह्या दाखवा.

उत्तरे समाधानकारक मिळाली तर वर्गणी खुशाल द्यावी. पडद्यापेक्षा कार्डे व एक चांगला मोबाईल यांवर काम भागत असेल तर तसे सुचवावे. बांधावर थांबविणाऱ्या त्या सभासदांना आम्ही हेच उत्तर कळविले आहे. त्यांनी सही अजून दिलेली नाही. मात्र आयुष्यात प्रथमच ते पालकसभेला जाणार आहेत.

जाता जाता एक विनंती. येत्या हंगामात आपल्या फडाशेजारी टोळी उतरेल तेव्हा मोटारीच्या पेटीजवळ किंवा आपल्या पडवीत त्यांचा फोन तासभर चार्जिंगला लावू द्यावा. त्याला खर्च येत नाही म्हटले तरी चालेल. एखाद्या पोरीचा त्या दिवसाचा प्रश्न त्याच फोनमध्ये येऊन पडलेला असतो.

— ऊस विकास अधिकारी